न्यायाधीश समोरच्या वकिलांच्या ऑफिसातले निघाले तर? वाटणीच्या दाव्यातली हरकत

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. वडील २००९ मध्ये गेले. मागे चार एकर बारा गुंठे शेती आणि गावठाणातलं घर. २०११ मध्ये थोरल्या भावाने ‘सोसायटीच्या कर्जासाठी सही लागते’ असं सांगून तुमच्याकडून आणि धाकट्या बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. २०१९ पासून तुमचा वाटणीचा दावा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात चालू आहे. उन्हाळ्यातल्या बदल्यांमध्ये नवे न्यायाधीश आले आणि त्यांनी तुमचा मनाईचा (दावा चालू असताना भावाला जमीन विकू देऊ नये, असा) अर्ज फेटाळला. नंतर तुमच्या कानावर आलं की हे साहेब न्यायाधीश होण्याआधी, साधारण २०१० ते २०१३ या काळात, भावाच्या वकिलांच्याच ऑफिसात ज्युनिअर होते. भाऊ गावात सांगत फिरतो, ‘साहेब आपलेच आहेत.’ तुमचे वकील म्हणतात, गप्प बसा, साहेब बिथरतील. तक्रार कुठे करायची, बेअदबी होईल का आणि तो हुकूम रद्द समजायचा का, हे तुम्ही विचारता. आणि शेवटी लिहिता की आई ८१ वर्षांची आहे, तिच्या हयातीत काही होईल का.

मी ३२ वर्षं दिवाणी कामं करतो, त्यातली निम्म्याहून जास्त भावाबहिणींचीच. म्हणून आधी जे तातडीचं आहे ते सांगतो. फेटाळलेल्या मनाई अर्जाविरुद्ध अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण नकलेचा अर्ज तरी आजच टाका. न्यायाधीशांचा हितसंबंध सिद्ध झाला तरी तो हुकूम आपोआप नाहीसा होत नाही. वरच्या कोर्टाने बाजूला सारेपर्यंत तो उभाच राहतो आणि तेवढ्या काळात भाऊ रस्त्याकडेचा तुकडा विकून मोकळा होऊ शकतो. तक्रारीच्या रागात अपिलाची मुदत घालवलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. तक्रार माणसाच्या वर्तनाबद्दल असते, अपील हुकमाबद्दल. तक्रार कितीही खरी असली तरी तिने सातबाऱ्यावरचा तुमचा हक्क वाचत नाही.

आता ‘साहेब आपलेच आहेत’ या वाक्याबद्दल. यावर मी जरा थांबणार आहे, कारण तालुक्याच्या कोर्टात या एका वाक्याने जितकी कुटुंबं नागवली गेली, तितकी खऱ्या लाचेने नागवली गेली असतील असं मला वाटत नाही. असं बोलणाऱ्याला बहुतेक वेळा समोरच्याचा धीर खचवायचा असतो. बहिणीने कंटाळून तडजोडीला यावं, पाच-दहा लाखांत सही करावी, एवढाच हेतू. दुसरा प्रकार याहून वाईट. कोर्टाच्या आवारात वावरणारा एखादा मध्यस्थ, कधी एखाद्या वकिलाचा कारकून, कधी दुर्दैवाने एखादा वकीलच, ‘साहेबांशी बोलणं झालंय’ म्हणून पैसे घेतो. त्याला रोजनाम्यावरून (कोर्टाच्या त्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीवरून), युक्तिवादावरून निकालाचा अंदाज आलेला असतो. निकाल बाजूने लागला तर पैसे ठेवायचे, विरुद्ध गेला तर ‘वरून दबाव आला’ म्हणून परत करायचे. न्यायाधीशाला यातलं काहीही माहीत नसतं. माझ्याच एका अशिलाने धाकट्या भावाविरुद्धच्या कामात असे सव्वा लाख दिले होते आणि मला सहा महिन्यांनी सांगितलं. निकाल त्याच्या बाजूने लागला तो १९७२ सालच्या एका फेरफार नोंदीमुळे, जी मी स्वतः तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढली होती. त्याला मात्र आजही वाटतं की पैशाने काम झालं.

तुमच्याकडे असं कोणी आलं तर लक्षात ठेवा, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्यालाच संरक्षण मिळतं. ओळखीच्या जोरावर काम करून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या मध्यस्थासाठीही त्याच कायद्यात वेगळं कलम आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४. पण भावाचं पारावरचं बोलणं हा तुमच्या हातातला पुरावा नाही. ते अर्जात लिहू नका.

मग हातात काय आहे? ज्युनिअर असणं. हे तपासून पाहण्याजोगं आहे, पण तेवढंच पुरेल असं समजू नका. आपल्याकडे बहुतेक न्यायाधीश आधी कुठल्या ना कुठल्या ऑफिसात ज्युनिअर होते. म्हणूनच उच्च न्यायालय साधारणपणे गृहजिल्ह्यात नेमणूक देत नाही आणि दर तीनेक वर्षांनी बदल्या करतं. तरी वकील शेजारच्या जिल्ह्यात काम घेतात आणि जुनी ओळख समोरासमोर येते. दहा वर्षांपूर्वी एका टेबलावर बसलो होतो, एवढ्यावर कोणताही जिल्हा न्यायाधीश दावा दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करणार नाही, आणि करूही नये. नाहीतर कोणालाच कोणाचंही काम चालवता येणार नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात साहेब समोरच्या वकिलांशी हसून बोलले, सकाळी फिरताना भेटले, वकील संघाच्या कार्यक्रमात शेजारी बसले, यानेही काही होत नाही.

काय चालत नाही ते बरंच स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ७ मे १९९७ रोजी न्यायाधीशांच्या वर्तनाची १६ मूल्यं लिहून स्वीकारली. त्यात कुटुंबातली व्यक्ती, जवळचा नातेवाईक किंवा मित्र ज्यात गुंतला आहे ते काम ऐकायचं नाही, असं स्वच्छ म्हटलं आहे. पैशाचा संबंध असेल तर रक्कम मोठी की लहान हा प्रश्नच येत नाही. इंग्लंडमध्ये १८५२ मध्ये खुद्द लॉर्ड चान्सलरचा निकाल रद्द झाला, कारण ज्या कालवा कंपनीच्या बाजूने त्यांनी निकाल दिला तिचे शेअर त्यांच्याकडे होते. त्यांनी पक्षपात केला असं कोणी म्हटलंही नव्हतं. आपल्याकडचं तालुक्यातलं उदाहरण द्यायचं तर घरमालकाचं. सरकारी निवासस्थान नसेल तर न्यायाधीश भाड्याने राहतात आणि गावातला मोकळा चांगला बंगला नेमका एखाद्या पक्षकाराच्या सासऱ्याचा निघतो. माझ्या पाहण्यात असं एकदा झालं. त्या मॅडमनी पहिल्याच तारखेला हे स्वतः उघड सांगितलं, दोन्ही बाजूंची हरकत नाही अशी पुरसिस (कोर्टात द्यायचं छोटं लेखी निवेदन) घेतली आणि मगच काम चालवलं.

आणि सगळ्यांत पक्की हरकत कोणती, तर याच वादात त्या व्यक्तीने आधी काही काम केलेलं असणं. नोटीस लिहिली, सल्ला दिला, दस्त तयार केला, साक्षीदार म्हणून सही केली. तिथे तो माणूस न्यायाधीश राहतच नाही, साक्षीदार होतो.

म्हणून २०११ चं साल माझ्या मनात घोळतंय. साहेब त्या ऑफिसात होते तो काळ आणि तुमच्या हक्कसोडपत्राचा काळ एकच आहे. तुमचा सगळा दावा आज त्या एका कागदावर अडला आहे. मुलींच्या हिश्श्याबद्दल आता वाद उरलेला नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा विनिता शर्मा निकाल यांनी तो संपवला. तेव्हापासून भावांचा सगळा बचाव हक्कसोडपत्रावर आला आहे. तुम्ही भावाने हजर केलेली झेरॉक्स पाहिली असेल, ती पहिल्या दोन पानांची असते. दुय्यम निबंधकांकडून संपूर्ण दस्ताची सही-शिक्क्याची नक्कल काढा. शेवटची पानं बघा: साक्षीदार कोण, ओळख पटवणारे कोण, दस्त तयार करणारे म्हणून कोणत्या वकिलाचं नाव आणि सही आहे. सीनिअर वकील स्वतः निबंधक कार्यालयात जात नाहीत. ज्युनिअरला पाठवतात. मीही ज्युनिअर असताना शेकडो दस्तांवर ओळख म्हणून सह्या केल्या आहेत आणि त्यातला एकही पक्षकार मला आज रस्त्यात ओळखता येणार नाही.

असंच एक काम माझ्याकडे होतं. चुलत्या-पुतण्यांचा दावा, घराच्या आणि विहिरीच्या वाटणीचा. चौथ्या वर्षी बदलून आलेले न्यायाधीश अतिशय सज्जन, काम भराभर चालवणारे. कागद चाळताना माझ्या ज्युनिअर मुलीने वाटणीची मूळ नोटीस दाखवली. खाली सीनिअर वकिलांच्या वतीने सही होती ती याच साहेबांची, चौदा वर्षांपूर्वीची. त्यांना ते मुळीच आठवत नव्हतं. मी दोन ओळींची पुरसिस लिहिली, नोटिशीची प्रत जोडली, समोरच्या वकिलांना दाखवली आणि दुपारच्या सत्रात ठेवली. साहेबांनी सही निरखून पाहिली, ‘अक्षर माझंच आहे’ म्हणाले आणि काम दुसऱ्या न्यायालयाकडे देण्यासाठी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे पाठवण्याचा हुकूम लिहिला. कोर्टाच्या भाषेत याला ‘नॉट बिफोर मी’ म्हणतात. कोणी बिथरलं नाही, कोणाची अब्रू गेली नाही. सगळ्याला वीस मिनिटं लागली.

कारण कायदा न्यायाधीशाच्या मनात शिरून तो वाईट आहे का हे शोधत बसत नाही. १९८७ मध्ये रणजित ठाकूर या सैनिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी सांगितली. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याने तक्रार केली होती तोच अधिकारी त्याच्या लष्करी न्यायालयात बसला होता. न्यायालय म्हणालं, न्याय देणाऱ्याने स्वतःच्या मनाला ‘मी पक्षपाती आहे का’ असं विचारून उपयोग नाही, त्याने समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात डोकावून पाहावं. मात्र त्या मनातली भीती वाजवी हवी, वाजवी माणसाला वाटेल अशी. निकाल विरुद्ध गेला म्हणून वाटलेली नव्हे.

आता तुमच्या वकिलांच्या ‘गप्प बसा’ या सल्ल्याकडे येतो. त्यांची अडचण मला कळते. त्यांना त्याच कोर्टात उद्या दहा कामं चालवायची आहेत. पण हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याची किंमत तुम्ही मोजाल. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात माणक लाल या राजस्थानातल्या वकिलाचं प्रकरण आलं. त्याच्यावरच्या गैरवर्तनाच्या आरोपाची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकरणाचे अध्यक्ष पूर्वी तक्रारदाराच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले होते. हरकत तत्त्वतः बरोबर आहे, असंच न्यायालयाचं मत पडलं. तरीही माणक लाल हरला. त्याला सगळं माहीत असूनही तो चौकशी संपेपर्यंत गप्प राहिला, अहवाल विरुद्ध गेल्यावर बोलला. म्हणजे त्याने हरकत सोडून दिली असं धरलं गेलं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी चुकलो. वकिलीच्या सातव्या वर्षी एका विधवा बाईंच्या कामात न्यायाधीशांच्या मेहुण्याचा प्रतिवादीच्या वखारीत भाग आहे हे मला पुराव्याच्या टप्प्यावरच कळलं होतं. मला वाटलं, साहेब भले आहेत, काम चांगलं चाललंय, कशाला दुखवा. दावा फेटाळला गेला. अपिलात मी तो मुद्दा काढला तेव्हा जिल्हा न्यायाधीशांनी एकच विचारलं, ‘वकीलसाहेब, तुम्हाला केव्हा कळलं?’ मी खरं सांगितलं. मुद्दा तिथेच संपला. त्या बाई पुढे उच्च न्यायालयात जाऊ शकल्या नाहीत, पैसे नव्हते. माझ्या संकोचाची ती किंमत होती आणि मी ती विसरलेलो नाही. म्हणून सांगतो: ज्या दिवशी कळलं त्यानंतरच्या पहिल्या तारखेला, लेखी. तुम्हाला हे मनाईच्या हुकमानंतर कळलं ही गोष्ट खरी असेल तर तीही शपथपत्रात तारखेसह लिहा, कारण ‘हरलात म्हणून बोलता’ हा आरोप पहिला येईल.

पद्धत अशी. दस्ताची नक्कल हातात आल्यावर आधी त्याच न्यायालयात, त्याच न्यायाधीशांसमोर अर्ज द्या. तथ्यं लिहा, विशेषणं नाहीत. ‘सन्माननीय न्यायाधीशांच्या सचोटीबद्दल आमचं काही म्हणणं नाही, दस्त क्रमांक अमुक, पान अमुक यावर ओळख देणारे म्हणून त्यांचं नाव दिसतं, या दस्ताची वैधता हाच दाव्यातला मुख्य मुद्दा आहे’ एवढं बस्स. अर्जाला निशाणी क्रमांक (दाव्याच्या फायलीतला क्रमांक) पडला पाहिजे आणि त्या दिवसाच्या रोजनाम्यात त्याची नोंद आली पाहिजे. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर तुमच्या दाव्याचा सीएनआर क्रमांक टाकून रोजनामा त्याच संध्याकाळी पाहत चला. नोंद नसेल तर दुसऱ्या दिवशी लेखी निदर्शनास आणा. सुनावणीचं मोबाइलवर गुपचूप रेकॉर्डिंग मात्र करू नका. त्याने तुमचीच बाजू बुडते.

साहेबांनी अर्ज फेटाळला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे दावा वर्ग करण्याचा अर्ज. त्यांनी नाकारलं तर उच्च न्यायालय आहेच. अर्जासोबत शपथपत्र लागतं. जिल्हा न्यायाधीश बहुधा संबंधित न्यायाधीशांचा अभिप्राय मागवतात, म्हणून तुमचा प्रत्येक शब्द ते वाचणार आहेत हे धरून लिहा. आणि नुसत्या वर्ग-अर्जाने दावा थांबत नाही. तोपर्यंत पुढचं काम स्थगित ठेवण्याची वेगळी विनंती करावी लागते. पुष्कळ जण इथे चुकतात आणि वर्ग-अर्जाच्या तारखा चालू असताना खाली पुरावा बंद होऊन जातो.

दस्तावर साहेबांचं नाव नाही निघालं तर? मग मी तुम्हाला वर्ग-अर्ज करू नका असंच सांगेन. अपील लढवा, दावा चालवा. कच्चा अर्ज फेटाळला गेला की पुढे खरी हरकत निघाली तरी कोणी ऐकत नाही. शिवाय दावा वर्ग होऊन नव्या न्यायालयाच्या बोर्डावर (कामांच्या यादीत) मागे पडला तर त्याचा फायदा ताब्यात बसलेल्या भावालाच आहे.

बेअदबीची भीती तुम्ही विचारली. न्यायालय अवमान कायदा १९७१, कलम ६: कनिष्ठ न्यायालयाच्या पीठासीन अधिकाऱ्याबद्दल उच्च न्यायालयाकडे किंवा दुसऱ्या कनिष्ठ न्यायालयाकडे सद्‌भावनेने केलेलं निवेदन हा अवमान नाही. म्हणजे योग्य दारात योग्य भाषेत केलेली तक्रार कायद्यानेच सुरक्षित आहे. पण तोच मजकूर तुम्ही भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, फेसबुकवर फोटोसह लावला, तर हे कलम तुमच्या मदतीला येत नाही. तुमच्या भाच्याने तशी पोस्ट लिहून ठेवली आहे असं तुम्ही म्हणता. त्याला आजच थांबवा.

तक्रारीचं दार उच्च न्यायालयाचं. संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं आहे, सरकारचं नाही. आमदार, पालकमंत्री, मुख्यमंत्री यांच्याकडे निवेदनं देऊन काही निघत नाही. तक्रार मुंबई उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरल यांच्या नावे, शपथपत्रासह आणि पडताळता येतील अशा कागदांसह पाठवावी. निनावी पत्राला किंमत नाही आणि असूही नये. १९८८ मध्ये ईश्वरचंद जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना सांगितलं की प्रामाणिक न्यायिक अधिकाऱ्यांचं खोट्यानाट्या तक्रारींपासून रक्षण करणं हेही तुमचंच काम. २०१९ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात ते पुन्हा म्हणालं, केवळ हुकूम चुकला म्हणून शिस्तभंगाची कारवाई करता येणार नाही. बाहेरचा प्रभाव दिसला पाहिजे. आणि त्याच वर्षी, त्याच महिन्यात, महाराष्ट्रातल्या एका न्यायिक अधिकाऱ्याची बडतर्फी त्याच न्यायालयाने कायम केली. एका महिला वकिलाशी असलेल्या जवळिकीतून त्या वकिलाच्या पक्षकारांच्या बाजूने हुकूम दिल्याचा ठपका त्याच्यावर होता. पैसे घेतल्याचं सिद्ध व्हावं लागतं असं नाही, हे त्यातून ध्यानात यावं. तेव्हा दार उघडं आहे. फक्त तिथे कागद घेऊन जायचं असतं.

तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट आता सांगतो, कारण माझ्या अनुभवात वाटणीच्या दाव्यातला हितसंबंध न्यायाधीशाच्या खुर्चीत क्वचित आणि तिच्या आजूबाजूला वारंवार असतो. सुरुवात स्वतःच्या वकिलापासून करा. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाने काम घेतानाच पक्षकारांशी असलेले आपले संबंध अशिलाला सांगायचे असतात. एकाच वादात आधी एका बाजूला सल्ला देऊन मग दुसऱ्या बाजूने उभं राहता येत नाही. वडिलांचे जुने वकील आता भावाचे वकील आहेत आणि ज्या हक्कसोडपत्रावर तुमची सही आहे ते त्यांच्याच ऑफिसात झालं, तर त्या दिवशी ते तुमचेही वकील होते का, हा प्रश्न जोरात विचारण्याजोगा आहे. निकालानंतर मिळणाऱ्या जमिनीतले ‘दोन गुंठे’ ही फी ठरवणारे वकील शहरांच्या कडेने पुष्कळ आहेत. निकालावर अवलंबून फी किंवा मालमत्तेत वाटा घेणं नियमांत निषिद्ध आहे, आणि ज्या कामात आपण वकील होतो त्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत विकली जाणारी मालमत्ता घेणंही. कोणी तसा करार पुढे केला तर सही करू नका.

मग कोर्ट कमिशनर. प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कोणाचा हिस्सा किती हे ठरवणारा निकाल, झाल्यावर घराची वाटणी सुचवायला कमिशनर नेमला जातो आणि खरी लढाई तिथे असते: दर्शनी भाग कोणाला, वहिवाटीचा रस्ता कुठून, विहिरीची पाळी कोणाची. कमिशनर म्हणून बहुधा नवखा वकील असतो. तो भावाच्या गाडीतून येतो, भावाच्याच घरी जेवतो आणि अहवाल लिहितो. त्याला दोष देण्याआधी तुम्ही जागेवर हजर राहा, आपलं म्हणणं लेखी द्या, पोच घ्या. अहवालावर हरकत घेण्याचा हक्क आहे आणि कोर्टाच्या परवानगीने कमिशनरची तपासणीही करता येते. शेतजमिनीच्या वाटणीचं काम तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, म्हणजे प्रत्यक्षात तहसील, तलाठी आणि भूमी अभिलेखचा मोजणीदार. तिथे गावची ओळख जास्त चालते. तरी तेही निष्पक्षतेच्या त्याच तत्त्वाने बांधलेले आहेत, आणि महसुली हुकमावर साधारणपणे ६० दिवसांत अपील आहे.

रिसीव्हरची, म्हणजे वादातली मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाची, गोष्ट तर देशाच्या संसदेपर्यंत गेली. कोलकाता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्यावरचा ठपका त्यांच्या वकिलीच्या काळातला होता. १९८४ मध्ये एका दाव्यात रिसीव्हर म्हणून नेमणूक झाल्यावर हाती आलेल्या रकमेच्या अपहाराचा. १८ ऑगस्ट २०११ रोजी राज्यसभेने त्यांना दूर करण्याचा ठराव मंजूर केला आणि लोकसभेत मतदान होण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. म्हणून वाड्याच्या भाड्यावर किंवा उसाच्या बिलावर रिसीव्हर नेमला असेल तर दर तारखेला हिशोब मागा. त्यात संकोच नको.

आणि मामा. प्रत्येक घरात एक मामा किंवा मोठे काका असतात, ज्यांना ‘लवाद’ नेमायचं ठरतं. त्यांचा जीव सगळ्यांवर असतो, पण त्यांच्या मुलाच्या दुकानात भावाचे पैसे गुंतलेले असतात. लवाद कायद्याच्या कलम १२ प्रमाणे लवादाने असे संबंध लेखी उघड करायचे असतात, आणि तुम्हाला कळल्यापासून १५ दिवसांत हरकत घ्यायची असते. नात्यातला माणूस नको असं नाही, पण वाद सुरू झाल्यावर तुम्ही स्पष्ट लेखी संमती दिल्याशिवाय जवळचा हितसंबंधी बसू शकत नाही. गोव्यातल्या वाचकांसाठी एक ओळ: तिथल्या इन्व्हेंटरी कारवाईत (वारसांमधल्या वाटणीच्या न्यायालयीन कारवाईत) मालमत्तेची यादी देणारा प्रशासक बहुधा वारसांपैकीच एक असतो. यादीत काय आलं यापेक्षा काय राहिलं ते आधी बघा.

राहिली आई. ताई, हे मी शेवटी ठेवलं, पण तुम्ही उद्या सकाळी पहिलं हेच करा. अपील, वर्ग-अर्ज, अभिप्राय, नवा बोर्ड यांत दीड-दोन वर्षं सहज जातील. हक्कसोडपत्राच्या दिवशी निबंधक कार्यालयाबाहेर भाऊ काय बोलला, कर्जाचं नाव कोणी घेतलं, हे ऐकलेली एकमेव व्यक्ती तुमची आई आहे असं तुम्ही लिहिलंय. तिची साक्ष आत्ताच नोंदवून घेण्याचा अर्ज द्या, वय आणि प्रकृतीच्या कारणासाठी, डॉक्टरांच्या दाखल्यासह, घरी कमिशनरमार्फत. सरतपासणीसोबत (आपल्या बाजूच्या प्रश्नांसोबत) भावाच्या वकिलांची उलटतपासणीही तेव्हाच व्हायला हवी, नाहीतर पुढे उपयोग नाही. अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा की न्यायालयाबाबतची आमची हरकत कायम ठेवून हा अर्ज देत आहोत, म्हणजे ती सोडून दिली असं कोणी म्हणणार नाही. आईला आधी काही पढवू नका. तिला तिच्या क्रमाने, तिच्या शब्दांत सांगू द्या, मधे थांबली तर थांबू द्या. कमिशनर सकाळच्या वेळी येईल असं बघा. या वयात दुपारनंतर माणसं थकतात आणि उलटतपासणीला नुसतं ‘हो’ म्हणत जातात.